वारशाने आलेले जनरेटेड कॉलम आणि अडकलेला रिस्टोअर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान पोस्टग्रेस वापरणाऱ्यांसाठी आहे. ज्यांच्याकडे एक पेरेंट टेबल आहे, त्याच्यापासून वारसा घेणारी चाइल्ड टेबलं आहेत, त्यात एखादा कॉलम सूत्रावरून आपोआप भरला जातो (हाच जनरेटेड कॉलम), आणि बॅकअप व्यवस्थित निघूनही रिस्टोअर मात्र लाल अक्षरांत ओरडतो, अशांनी वाचावं. उदाहरणासाठी सगळीकडे एकच टेबल घेतलं आहे. ‘मापन’ या पेरेंटमध्ये लांबी, रुंदी आणि त्यांच्या गुणाकारातून निघणारं क्षेत्रफळ हे तीन कॉलम आहेत, आणि ‘मापन_जुने’ हे त्याचं चाइल्ड.

बॅकअपमध्ये जनरेटेड कॉलमच्या किमती असतात का?

पीजी-डंप या बॅकअप (डंप) काढणाऱ्या प्रोग्रॅमच्या फाइलमध्ये नसतात. निम्म्याहून जास्त गोंधळ इथेच सुरू होतो, म्हणून हा प्रश्न सर्वात वर ठेवला आहे. पीजी-डंप टेबलाचा डेटा कॉपी कमांडने लिहितो आणि त्या कमांडसोबत कॉलमांची यादी देतो. त्या यादीत क्षेत्रफळ नसतं, फक्त लांबी आणि रुंदी असतात. इन्सर्टच्या स्वरूपात डंप काढला तर क्षेत्रफळाच्या जागी किमतीऐवजी डिफॉल्ट हा शब्द छापलेला दिसेल. रिस्टोअर करताना सर्व्हर एकेक ओळ आत घेतो आणि सूत्र लावून किंमत नव्याने काढतो.

थोडक्यात, बॅकअपमध्ये पदार्थ नसतो, कृती असते. म्हणून रिस्टोअरला अडचण आली की आधी विचारायचं की कृती कुणाची लिहिली गेली आहे, पेरेंटची की चाइल्डची, आणि नवा सर्व्हर ती मान्य करतो का. डेटा खराब झाला असेल ही शंका बहुतेक वेळा चुकीची ठरते.

पीजी-बेसबॅकअपसारखा फाइल पातळीवरचा बॅकअप घेतला असेल तर डिस्कवर साठवलेल्या किमती जशाच्या तशा येतात. तिथे फेरगणना होत नाही. मात्र तो बॅकअप वेगळ्या मुख्य आवृत्तीच्या सर्व्हरवर चालत नाही.

रिस्टोअर करताना ‘हा कॉलम जनरेटेड कॉलम आहे’ एवढंच सांगून एरर येते. यात चुकलं काय?

एररच्या वर कोणती कमांड छापली आहे ते पाहा. ती चाइल्ड टेबलावरची ‘ऑल्टर कॉलम … सेट डिफॉल्ट’ असेल, तर दोष तुमच्या टेबलाचा नसून डंप काढणाऱ्या प्रोग्रॅमचा आहे.

जनरेटेड कॉलम पोस्टग्रेसमध्ये आवृत्ती १२ पासून, म्हणजे २०१९ पासून आहेत. सुरुवातीच्या पीजी-डंपमध्ये त्यांचं सूत्र डिफॉल्ट किमतीच्याच वाटेने हाताळलं जायचं. डिफॉल्टचा नियम असा, की चाइल्डला स्वतःचा वेगळा डिफॉल्ट असू शकतो आणि तो नंतर स्वतंत्र कमांडने लावता येतो. जनरेटेड कॉलमला हा नियम लागू नाही. चाइल्ड तयार होतानाच सूत्र पेरेंटकडून आपोआप येतं, आणि वरून डिफॉल्ट लावायला गेलं की सर्व्हर नकार देतो. पण डंपमध्ये ती फालतू कमांड लिहिली जायची. ही चूक फेब्रुवारी २०२१ मध्ये आलेल्या १२.६ आणि १३.२ या आवृत्त्यांत दुरुस्त झाली.

समाधानाची गोष्ट म्हणजे या एररमुळे काही बिघडत नाही. ती कमांड फसली तरी चाइल्डकडे योग्य सूत्र आधीच पोहोचलेलं असतं. डंप परत भरणारा पीजी-रिस्टोअर स्वभावतः एरर आली तरी पुढे जातो आणि शेवटी इतक्या एररकडे दुर्लक्ष केलं असं सांगतो. तो आकडा आणि अशा फसलेल्या कमांडची संख्या जुळत असेल, तर डेटाबेस वापरण्याजोगा आहे.

पण आमच्याकडे एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये रिस्टोअर करायचा नियम आहे. तिथे सगळंच मागे फिरतं.

नियम चांगला आहे, तो मोडू नका. सिंगल-ट्रान्झॅक्शन किंवा एक्झिट-ऑन-एरर हे पर्याय लावले की पहिल्या एररवर सगळं थांबणारच. त्याऐवजी नको ती कमांड बाजूला काढा.

डंप कस्टम किंवा डिरेक्टरी स्वरूपात असेल तर काम पाच मिनिटांचं आहे. पीजी-रिस्टोअरला छोट्या ‘एल’चा पर्याय देऊन अनुक्रमणिका एका मजकूर फाइलमध्ये काढा. त्यात प्रत्येक वस्तूची एक ओळ असते आणि ओळीत वस्तूचा प्रकार लिहिलेला असतो. प्रकार ‘डिफॉल्ट’ आणि टेबल ‘मापन_जुने’ असलेली, क्षेत्रफळाची ओळ शोधा. तिच्या सुरुवातीला अर्धविराम टाका, म्हणजे ती टिप्पणी होते. मग मोठ्या ‘एल’च्या पर्यायाने हीच दुरुस्त यादी देऊन रिस्टोअर चालवा. मूळ बॅकअप फाइलला हातही लागत नाही, आणि मला या पद्धतीत तेच सगळ्यात आवडतं. कोणत्या ओळी वगळल्या याचा पुरावा त्या यादीत कायमचा राहतो.

एक सावधगिरी हवी. त्याच यादीत खऱ्या डिफॉल्ट किमतींच्या ओळीही त्याच प्रकारात असतात. ‘डिफॉल्ट’ दिसलं की सरसकट अर्धविराम टाकत सुटलात, तर क्रमांक देणाऱ्या सीक्वेन्सचे डिफॉल्टही गळतील आणि ते पुढच्या आठवड्यात कळेल.

साधा मजकुरी डंप असेल तर ती ओळ संपादकात शोधून काढून टाका. फाइल संपादकात उघडणार नाही इतकी मोठी असेल तर मूळ सर्व्हरवरून स्कीमा (टेबलांची रचना) आणि डेटा वेगळे काढणं शहाणपणाचं.

मूळ सर्व्हर अजून चालू आहे. त्याला हात न लावता डंप नीट काढता येईल का?

हो. पीजी-डंप नव्या आवृत्तीचा वापरा. नवा पीजी-डंप जुन्या सर्व्हरशी बोलू शकतो, उलटं चालत नाही: सर्व्हर पीजी-डंपपेक्षा नव्या मुख्य आवृत्तीचा असेल तर तो आवृत्ती जुळत नाही म्हणून थांबतो. ज्या आवृत्तीवर रिस्टोअर करायचा आहे त्याच आवृत्तीच्या पीजी-डंपने बॅकअप काढायची सवय लावा. वरची एरर त्याने आपसूक जाते.

१५ वरून १६ किंवा पुढे जाताना चाइल्ड टेबल तयारच होत नाही. ‘पेरेंटचा कॉलम जनरेटेड असल्याशिवाय चाइल्डचा असू शकत नाही’ अशा अर्थाची सूचना येते.

हा प्रश्न आधीच्यासारखा निरुपद्रवी नाही, म्हणून इथे जरा थांबू.

१२ ते १५ या आवृत्त्यांत एक सूट होती. पेरेंटमध्ये क्षेत्रफळ साधा कॉलम असला तरी चाइल्डमध्ये तो जनरेटेड ठेवता यायचा. दिसायला सोयीचं, पण आत भोक होतं. पेरेंटवर अपडेट चालवून चाइल्डमधल्या क्षेत्रफळात हाताने हवी ती किंमत घुसवता यायची, आणि मग सूत्र एक सांगतं, कॉलम दुसरंच. आवृत्ती १६ पासून हे बंद झालं. आता पेरेंट आणि चाइल्ड दोघांचा तो कॉलम जनरेटेड हवा किंवा दोघांचाही साधा हवा. त्या बदल्यात एक नवी मोकळीक मिळाली, ती म्हणजे दोन्ही जनरेटेड असतील तर सूत्रं वेगळी असू शकतात.

म्हणजे जुना डंप नियमाप्रमाणेच निघाला, पण नियमच बदलला. मूळ सर्व्हर हाताशी असेल तर तिथेच दुरुस्ती करून पुन्हा डंप काढा, आणि चाइल्डचा कॉलम साधा करणं हा सोपा मार्ग आहे. आवृत्ती १३ पासून ‘ड्रॉप एक्स्प्रेशन’ ही कमांड आहे. ती सूत्र काढते आणि साठवलेल्या किमती जागेवर ठेवते. पण ती थेट चाइल्डवर चालवली तर ‘वारशाने आलेल्या कॉलमचं सूत्र काढता येत नाही’ असं उत्तर मिळतं. कारण पेरेंटमध्ये त्याच नावाचा कॉलम आहे म्हणून चाइल्डचा कॉलम वारशातला धरला जातो, सूत्र पेरेंटकडून आलेलं नसलं तरी.

मग एका ट्रान्झॅक्शनमध्ये तीन पावलं टाकायची: चाइल्डवर ‘नो इनहेरिट’ देऊन त्याला पेरेंटपासून सोडवा, ‘ड्रॉप एक्स्प्रेशन’ चालवा, पुन्हा ‘इनहेरिट’ देऊन जोडा. ट्रान्झॅक्शन अशासाठी, की मधल्या वेळात पेरेंटवरच्या क्वेरींना चाइल्डच्या ओळी गायब दिसू नयेत. कुलूप लागेल, पण टेबल पुन्हा लिहिलं जात नाही, त्यामुळे काम क्षणात उरकतं. क्षेत्रफळ यापुढेही आपोआप भरायला हवं असेल तर चाइल्डवर इन्सर्ट आणि अपडेटच्या आधी चालणारा ट्रिगर लावा.

दुसरा मार्ग म्हणजे पेरेंटचाही कॉलम जनरेटेड करणं. साध्या कॉलमला जनरेटेडमध्ये बदलण्याची थेट कमांड नाही. कॉलम काढून नव्याने घालावा लागतो. पेरेंटच्या स्वतःच्या ओळींत हाताने भरलेल्या किमती असतील तर त्या जातील. त्या नुसत्या गुणाकाराच्या आहेत याची खात्री असेल तरच हा मार्ग धरा.

मूळ सर्व्हर आता नाही, हातात फक्त डंप आहे. स्कीमा संपादित केला तर एकामागून एक नव्या एरर येतात.

येणारच. स्कीमा आणि डेटा दोन्ही जुन्या समजुतीने लिहिलेले आहेत, आणि तुम्ही फक्त एकच बदलला.

चाइल्डमधलं सूत्र खोडून कॉलम साधा केला, तर डेटाच्या कॉपी यादीत तो कॉलमच नाही. डेटा विनातक्रार भरला जाईल आणि चाइल्डमधलं सगळं क्षेत्रफळ नल, म्हणजे रिकामं राहील. कॉलमवर नॉट नल ही अट असेल तर निदान एरर तरी येते. नसेल तर पत्ताही लागत नाही. उलट पेरेंटमध्ये सूत्र घातलं, तर पेरेंटच्या कॉपी यादीत क्षेत्रफळ आहे आणि जनरेटेड कॉलम कॉपीत वापरता येत नाही, म्हणून तिथे अडकतं.

जमेल तिथे मी पहिला सल्ला हाच देतो की तात्पुरता १५ चा सर्व्हर उभा करा, त्यात डंप बिनबोभाट रिस्टोअर करा, वरची तीन पावलं टाका आणि नव्या पीजी-डंपने पुन्हा बॅकअप काढा. कंटाळवाणं वाटतं, पण हाताने काही खोडावं लागत नाही.

तेही शक्य नसेल तर पीजी-रिस्टोअरचे तीन विभाग वेगळे चालवा: प्री-डेटा, डेटा, पोस्ट-डेटा. प्री-डेटा मजकूर फाइलमध्ये काढून चाइल्डचं सूत्र आणि त्या कॉलमचं नॉट नल खोडा, मग ती चालवा. डेटा भरा. लगेच एका अपडेटने चाइल्डमधलं क्षेत्रफळ लांबी-रुंदीवरून भरून घ्या आणि नॉट नल परत लावा. शेवटी पोस्ट-डेटा, ज्यात इंडेक्स, ट्रिगर आणि फॉरेन की असतात. क्रम असाच ठेवा. इंडेक्स आधी बनवले तर तो अपडेट कितीतरी जड होतो.

पार्टिशन किंवा चाइल्ड जोडताना ‘चाइल्ड टेबलमधला कॉलम जनरेटेड असला पाहिजे’ अशी एरर येते.

चाइल्ड आधी स्वतंत्र टेबल म्हणून तयार झालं आणि नंतर जोडलं जातंय. अशा वेळी सूत्र आपोआप येत नाही. ते फक्त ‘क्रिएट टेबल’मध्येच वारशाचा उल्लेख असेल तर येतं. आधीपासून असलेल्या टेबलात क्षेत्रफळ जनरेटेड म्हणूनच लिहिलेलं हवं. १२ ते १५ मध्ये सूत्रही पेरेंटशी जुळावं लागतं, नाहीतर सूत्र विसंगत असल्याची एरर येते. १६ पासून सूत्र वेगळं चालतं.

एका टेबलाला दोन पेरेंट असतील आणि दोघांची सूत्रं वेगळी, तर १६ पासून चाइल्डच्या व्याख्येत सूत्र स्पष्ट लिहिलं की प्रश्न मिटतो.

डेटा भरताना ‘असं फंक्शनच नाही’ अशी एरर येते. फंक्शन तर समोर दिसतंय!

तुम्हाला दिसतंय, रिस्टोअरला नाही. २०१८ मधल्या सुरक्षा दुरुस्तीनंतर पीजी-डंप आपल्या स्क्रिप्टच्या सुरुवातीलाच सर्च-पाथ, म्हणजे नावं कोणत्या स्कीमांत शोधायची याची यादी, रिकामा करतो. (इथे स्कीमा म्हणजे रचना नव्हे, तर टेबलं आणि फंक्शनं ठेवायचा नावाचा कप्पा.) तुमच्या सूत्रातलं फंक्शन जर आत दुसऱ्या फंक्शनला किंवा टेबलाला स्कीमाचं नाव न लावता हाक मारत असेल, तर रोजच्या कामात ते सापडतं आणि रिस्टोअरमध्ये सापडत नाही. नेमका जनरेटेड कॉलमच का अडकतो? कारण डेटा भरताना दर ओळीला ते फंक्शन चालवावं लागतं.

उपाय मूळ सर्व्हरवरच करा. फंक्शनच्या आत प्रत्येक नावापुढे स्कीमा लिहा, किंवा ‘ऑल्टर फंक्शन’ने त्या फंक्शनपुरता सर्च-पाथ ठरवून द्या. १४ पासून एसक्यूएल फंक्शनचा मजकूर ‘बिगिन ॲटॉमिक’ पद्धतीने लिहिता येतो. त्यात नावं फंक्शन बनवतानाच पक्की होतात आणि कोण कुणावर अवलंबून आहे याची नोंद सर्व्हरकडे राहते, म्हणून डंपचा क्रमही बरोबर लागतो.

फंक्शन दुसऱ्या टेबलातून काही वाचत असेल तर मात्र ते मुळात इम्म्युटेबल, म्हणजे त्याच इनपुटला कायम तेच उत्तर देणारं, नाही. तसा शिक्का मारून तुम्ही सर्व्हरला फसवलंत, आणि रिस्टोअरमध्ये ते दुसरं टेबल अजून रिकामं असेल तर एरर न येता चुकीच्या किमती बसतील. अशा ठिकाणी ट्रिगर वापरा.

रिस्टोअर एकही एरर न देता झाला, पण काही ओळींतलं क्षेत्रफळ मूळ डेटाबेसपेक्षा वेगळं आहे. डेटा खराब झाला?

बहुधा उलट झालंय. मूळ ठिकाणीच किंमत शिळी होती आणि रिस्टोअरने ती ताजी केली.

असं दोन कारणांनी होतं. सूत्रातल्या फंक्शनचा मजकूर कुणीतरी मध्येच बदलला, पण आधी साठवलेल्या ओळी पुन्हा मोजल्या गेल्या नाहीत. फंक्शन बदललं म्हणून पोस्टग्रेस टेबल नव्याने लिहीत नाही. दुसरं कारण थेट वारशाचं आहे. पेरेंटवर अपडेट चालवला असता चाइल्डमधला कोणता जनरेटेड कॉलम पुन्हा मोजायचा हे ठरवण्यात पूर्वी चूक होती. विशेषतः जो जनरेटेड कॉलम फक्त चाइल्डमध्येच आहे, तो सुटून जायचा. फेब्रुवारी २०२३ मधल्या १५.२ मध्ये ही चूक दुरुस्त झाली, पण दुरुस्तीआधी साठवलेल्या शिळ्या किमती तशाच पडून राहतात.

मूळ सर्व्हरवर ताज्या करायच्या असतील तर लांबीला लांबीच देणारा अपडेट चाइल्डवर चालवा. सूत्रात नसलेल्या कॉलमवर अपडेट दिला तर फेरगणना होईलच असं नाही, सूत्रातलाच कॉलम घ्या. आणि जुन्या किमतींवर कुठे अहवाल किंवा देयकं निघाली असतील, तर आधी संबंधितांशी बोला. हा प्रश्न तेव्हा डेटाबेसचा राहत नाही.

आधी साधा असलेला कॉलम आता जनरेटेड केला आहे. जुना डेटा-ओन्ली डंप त्यात भरता येईल?

थेट नाही. जुन्या कॉपी यादीत तो कॉलम आहे. जुन्या रचनेचं तात्पुरतं टेबल बनवा, त्यात भरा, आणि तो एक कॉलम सोडून बाकीचे खऱ्या टेबलात इन्सर्ट करा. तात्पुरतं टेबल टाकून देण्याआधी जुनी किंमत आणि नवी किंमत यांची तुलना मात्र करा, तशी संधी पुन्हा मिळत नाही.

फक्त चाइल्ड टेबलाचा बॅकअप घेतला होता. रिस्टोअरमध्ये पेरेंट नाही म्हणून एरर येते.

एका टेबलाचं नाव देऊन काढलेल्या डंपमध्ये ते ज्यांवर अवलंबून आहे त्या वस्तू येत नाहीत. सूत्रही पेरेंटकडे राहिलंय. पेरेंटची निदान रचना आधी उभी करा.

आवृत्ती १८ मध्ये काय बदललं?

व्हर्च्युअल जनरेटेड कॉलम आले. ते साठवले जात नाहीत, वाचताना मोजले जातात, आणि प्रकार न लिहिल्यास आता तोच गृहीत धरला जातो. तोवर ‘स्टोअर्ड’ (साठवलेला) हा शब्द लिहिणं सक्तीचं होतं, त्यामुळे या बदलापायी जुने डंप १८ मध्ये अडत नाहीत. उलट दिशेने, व्हर्च्युअल कॉलम असलेला १८ चा डंप १७ वर वाक्यरचनेच्या एररने पडतो. वारशात पेरेंट व्हर्च्युअल आणि चाइल्ड स्टोअर्ड अशी सरमिसळ चालत नाही. व्हर्च्युअल कॉलमच्या सूत्रात स्वतः लिहिलेलं फंक्शनही चालत नाही, त्यामुळे मागचा सर्च-पाथचा त्रास तिथे आपोआप टळतो.

स्थलांतराच्या रात्री हे सगळं कळण्याऐवजी आधीच कसं शोधायचं?

सिस्टिम कॅटलॉगमध्ये सगळी माहिती आहे. पीजी-इनहेरिट्स या टेबलात पेरेंट-चाइल्डच्या जोड्या असतात. दोन्ही बाजूंना पीजी-ॲट्रिब्यूट हे कॉलमांची नोंद असलेलं टेबल कॉलमच्या नावावर जोडा आणि ‘ॲट-जनरेटेड’ या रकान्याची तुलना करा. स्टोअर्ड कॉलमला तिथे ‘एस’ असतो, व्हर्च्युअलला ‘व्ही’ आणि साध्याला रिकामी जागा. दोन्हीकडची खूण वेगळी असलेली प्रत्येक ओळ म्हणजे १६ वर अडकणारं एक टेबल. मोडीत काढलेले कॉलम वगळायला विसरू नका, नाहीतर यादी उगाच लांबते.

त्यानंतर फक्त स्कीमाचा डंप नव्या आवृत्तीच्या रिकाम्या डेटाबेसमध्ये एक्झिट-ऑन-एरर लावून रिस्टोअर करा. त्यात डेटा नसल्याने मोठा डेटाबेसही पटकन होतो आणि वारशाच्या बहुतेक एरर इथेच उघड्या पडतात. सर्च-पाथची एरर मात्र इथे दिसणार नाही, कारण ओळच नाही तर सूत्र चालणार कुठून. तिच्यासाठी प्रत्येक जनरेटेड कॉलमवाल्या टेबलातल्या थोड्या ओळी तरी खरोखर भरून पाहाव्या लागतात.